ओळखा, पण कशावरून?

विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी सकाळी दोन तास इंग्रजी शिकवतो. फी नाही, पाटी नाही. तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आयुष्यभर हाच विषय शिकवला, निवृत्तीनंतरही खोड जात नाही, एवढंच. समोर बसणारी पोरं जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून सांगलीत खोली करून राहिलेली. मेसचा डबा, भाड्याची खुर्ची आणि डोक्यात भरतीची जाहिरात. मध्यंतरी त्यातला एक जण एका खासगी क्लासची सराव प्रश्नपत्रिका घेऊन आला. वाक्य होतं, 'आय हॅव मेट हिम बिफोर'. 'बिफोर'खाली रेघ आणि चार पर्याय: प्रीपोझिशन, कंजंक्शन, ॲडव्हर्ब, ॲडजेक्टिव्ह. पोरानं प्रीपोझिशनवर खूण केली होती. उत्तरतालिका म्हणत होती ॲडव्हर्ब. एक गुण गेला आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण आणखी कापला.

"सर, बिफोर प्रीपोझिशनच की. माझ्या वहीत यादी हाय," असं म्हणून त्यानं यादी पुढं केली. यादी होतीच. इन, ऑन, ॲट, अंडर, आफ्टर, बिफोर... दोन पानं भरून, लाल शाईत चौकटी काढून. त्याच क्लासनं दिलेली. म्हणजे ज्यांनी शब्दाला प्रीपोझिशनचा दाखला दिला, त्यांनीच परीक्षेत तो खोटा ठरवला, आणि मधल्या मध्ये पोराचा सव्वा गुण गेला.

पोराला उत्तर समजावून सांगायला दोन मिनिटं लागली. मला मात्र तो कागद पुढं आठवडाभर पुरला. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासून नोकरभरतीच्या स्पर्धा परीक्षांपर्यंत 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न आपल्या मुलांची पाठ सोडत नाही. तो विचारावा की नाही यावर शिक्षकांत अधूनमधून वाद होतो. एक गट म्हणतो, व्याकरण काढूनच टाका, मुलांना बोलू द्या. दुसरा म्हणतो, याद्या पाठ करून घ्या, मार्क पडतील. माझं दोन्ही गटांशी पटत नाही. प्रश्न राहावा, पण आज विचारतात तसा राहू नये, असं माझं म्हणणं आहे.

आधी ती 'जात'. मराठीत आपण 'पार्ट्स ऑफ स्पीच'ना 'शब्दांच्या जाती' म्हणतो. आमच्या तासगावात 'जात' म्हटलं की शेतकऱ्याला आधी द्राक्षं आठवतात: सोनाका, थॉमसन, माणिक चमन, तास-ए-गणेश. सोनाकाच्या वेलीला सोनाकाच लागणार, पेटी कुठल्याही बाजारात गेली तरी. माणसांच्या जातीबद्दल तर बोलायलाच नको, ती जन्माआधीच ठरलेली असते. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली, एका पंक्तीला जेवायला बसवली, तरी शाळेच्या दाखल्यावरच्या नोंदीसारखी जात चिकटून राहिलेली आहेच. आता मुलाच्या डोक्यात 'जात' या शब्दाचे हे दोनच अर्थ असतील, तर इंग्रजी शब्दाचीही जात जन्मानं ठरते असं त्याला वाटणारच. मग यादी करणं ओघानं येतं. 'टेबल' नाम, 'रन' क्रियापद, 'फास्ट' विशेषण. ठरलं, संपलं.

इंग्रजी शब्द या ठरण्याला जुमानत नाहीत. एसटीच्या गाडीसारखं आहे ते. सकाळी सांगली स्टँडवर 'ईश्वरपूर' पाटी लावून उभी असलेली गाडी दुपारी 'तासगाव' पाटी लावून निघते. गाडीचा नंबर पाठ करून ती कुठं जाणार हे सांगता येत नाही, पाटी बघावी लागते. 'राउंड' घ्या. 'अ राउंड टेबल'मध्ये तो विशेषण, 'द फर्स्ट राउंड'मध्ये नाम, 'राउंड द कॉर्नर'मध्ये प्रीपोझिशन, 'शी टर्न्ड राउंड'मध्ये क्रियाविशेषण, आणि 'द बस राउंडेड द कॉर्नर'मध्ये चक्क क्रियापद. एकच गाडी, पाच पाट्या.

हे इंग्रजीचंच वेड आहे असं समजू नका. 'त्याला मार' आणि 'त्याला मार बसला'. पहिला मार क्रियापद, दुसरा नाम, आणि आमच्या काळातल्या शाळेत दोन्हींमधलं अंतर फारच थोडं असायचं. 'गोड' घ्या. 'गोड आंबा', 'ती गोड गाते', 'मला जेवणानंतर गोड लागतं'. विशेषण, क्रियाविशेषण, नाम. मराठी मूल हे पाचव्या वर्षी बिनचूक वापरतं. तेच मूल नववीत 'फास्ट'ला विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन जाती आहेत हे ऐकून गांगरतं, कारण आपल्याला हे आधीच येतं, हे त्याला कुणी दाखवूनच दिलेलं नसतं.

गोंधळाचं दुसरं मूळ व्याख्यांत आहे. 'नाम म्हणजे व्यक्ती, स्थळ किंवा वस्तूचं नाव. क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द.' पिढ्यानपिढ्या घोकलेलं आहे हे. आता 'अरायव्हल' या शब्दात क्रिया नाही का? येण्याची क्रियाच तर आहे. तरी तो नाम. उलट 'रिझेंबल', 'ओन', 'नो' ही क्रियापदं. साम्य असणं, मालकी असणं, माहीत असणं, यात कुणी काय क्रिया करतं? हातपाय हलवायची गरज नाही. व्याख्या अर्थावर उभी आहे आणि जात ठरते रूपावर आणि जागेवर. क्लासवाल्यांचं 'शेवटी ली दिसलं की ॲडव्हर्ब' हे सूत्र निदान रूपाकडं तरी बघतं, म्हणून ते बरंचसं चालतं. पण 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉवर्डली' आले की आपटतं. परीक्षक नेमके तेच शब्द उचलतात, कारण सूत्र त्यांनाही माहीत असतं.

मराठीत जागेपेक्षा रूपाला वजन आहे. 'घोडा'चं 'घोड्याला' झालं, म्हणजे सामान्यरूप झालं, विभक्ती लागली, की तो नामासारखा वागतोय हे कळतं. म्हणून आपण शब्द कसेही फिरवतो. 'मुलानं आंबा खाल्ला', 'आंबा खाल्ला मुलानं', कुणी कुणाला खाल्लं याबद्दल संशय उरत नाही. इंग्रजीनं प्रत्यय जवळजवळ सगळे झाडून टाकले. तिथं 'डॉग बाइट्स मॅन' उलटं केलं की माणूस कुत्र्याला चावतो. थोडक्यात, मराठी मुलाला शब्दाचा शेवट बघायची सवय असते आणि इंग्रजीत त्याला शब्दाचे शेजारी बघावे लागतात. हा फरक मी कुठल्याही गाइडात वाचलेला नाही. वर्गात तीन मिनिटांत सांगून होतो.

शेजाऱ्यांवरून जात कळते हे दाखवायला मी एक खेळ घेतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले चार्ल्स फ्राइज यांनी १९५२ साली इंग्रजीच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी सुमारे ५० तासांची टेलिफोनवरची बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली होती. जुनी नावं त्यांनी सरळ फेकून दिली आणि वाक्याच्या चौकटी केल्या. पहिली चौकट साधी होती: 'द कॉन्सर्ट वॉज गुड'. 'कॉन्सर्ट'च्या जागी जे जे शब्द बसतील, ते सगळे पहिल्या वर्गातले. त्याला नाम म्हणायचं की नाही, हा प्रश्नच नाही. फ्राइज यांनी असे चार मोठे वर्ग केले आणि उरलेल्या जोडकामाच्या शब्दांचे पंधरा गट.

आमच्या रविवारच्या वर्गात कॉन्सर्ट कुणी ऐकलेला नाही. म्हणून मी फळ्यावर लिहिलं, 'द भडंग वॉज गुड'.

हशा झाला. मग विचारलं, भडंग इथं काय? "नाउन!" सगळे एकदम. कुठल्या इंग्रजी डिक्शनरीत आहे? कुठल्याच नाही. मग कळलं कसं? एक मुलगी म्हणाली, "आधी 'द' हाय की सर." बरोबर. मग मी लिहिलं, 'ही भडंग्ड मी येस्टरडे'. आता ते क्रियापद, कारण शेवटी 'एड', पुढं 'मी', मागं 'ही'. 'अ व्हेरी भडंगी मॅन' म्हणजे विशेषण. 'शी टॉक्स भडंगली' म्हणजे क्रियाविशेषण. पुढच्या तीन वाक्यांत शब्दाचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, कारण तो नव्हताच, आणि तरी चारही वेळा एकाही मुलाचं उत्तर चुकलं नाही. मागच्या बाकावरच्या एकानं नंतर अर्थही बहाल केला: 'टू भडंग' म्हणजे समोरच्याला दहा जणांत तिखट बोलून गार करणं. आमच्या अभ्यासिकेत हे क्रियापद आता रुळलं आहे. परवा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सर तुला लई भडंगले."

याद्यांच्या वहीत दोन पानं घालून जे शिकवता आलं नाही, ते चार ओळींत झालं. शब्दाचा अर्थ पूर्ण काढून घेतला तरी त्याचं काम दिसतं, हे मुलांनी स्वतः पाहिलं. यानंतर 'नाम म्हणजे नाव' ही व्याख्या त्यांना तोकडी वाटायला लागते, आणि ती वाटावीच.

आता पहिल्या गटाचं म्हणणं. व्याकरण काढून टाका, मूल ऐकून बोलायला शिकतं, लंडनचं पोर कुठं प्रीपोझिशन ओळखत बसतं? म्हणणारे बहुतेक चांगल्या मनाचे असतात. त्यांची मुलंही बहुतेक इंग्रजी माध्यमात असतात. लंडनच्या पोराला दिवसभर इंग्रजी ऐकू येतं. आपल्याकडं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, हे खरं. पण जतच्या पूर्व भागातल्या मुलीच्या वाट्याला दिवसाला एक तासिका येते, त्यातही शिक्षक निम्म्याहून जास्त मराठीत बोलतात, आणि ते साहजिक आहे. काही गावांत तर घरी कन्नड, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. ज्याच्या कानात भाषा भरलेली आहे तो 'कानाला बरं वाटतं' म्हणून बरोबर पर्याय निवडतो. जिच्या कानात ती नाही तिला डोळ्यानं बघायचं काहीतरी साधन लागतं. ते साधन म्हणजे व्याकरण. ते काढून टाकलं की कान तयार असलेल्यांचं काहीच बिघडत नाही, नुकसान होतं ते उशिरा आलेल्यांचं.

याचा अगदी हाताशी असलेला पुरावा म्हणजे 'आय ॲम अग्री'. सांगली, सातारा, सोलापूर, कुठंही जा, हे वाक्य भेटतंच. मुलाखतीत भेटतं, गावच्या सभेत भेटतं. लोक हसतात. पण ही चूक आळसातून आलेली नाही, ती चांगल्या मराठीतून आली आहे. 'मी सहमत आहे' यात 'सहमत' विशेषण आहे, त्याला 'आहे' लागतंच. मुलगा प्रामाणिकपणे एकेक शब्द बदलतो: मी, आहे, सहमत. इंग्रजीत मात्र 'अग्री' स्वतःच क्रियापद, त्याला 'ॲम'चा आधार नको. दोन भाषांत एकाच अर्थाच्या दोन शब्दांच्या जाती वेगळ्या, बस्स, एवढंच बिघडलंय. हे एकदा त्या भाषेत सांगितलं की चूक जाते. 'पुन्हा असं म्हणू नकोस' असं दहा वेळा सांगून जात नाही. 'ही सक्सेस्ड' म्हणणाऱ्या मुलाचंही तेच. 'सक्सेस' नाम, 'सक्सीड' क्रियापद. डिक्शनरीत शब्दापुढं ते बारीक अक्षर असतं ना, एन, व्ही, ॲज, ते ज्याला वाचता येत नाही त्याला डिक्शनरी निम्मीच उपयोगी.

म्हणून प्रश्न ठेवा म्हणतो. पण कसा ठेवायचा, यासाठी 'बिफोर'कडं परत यायला हवं, कारण तिथं एक गंमत आहे आणि मला ती फार आवडते.

तीन वाक्यं घ्या. 'मी त्याला आधी भेटलोय.' 'जेवणाआधी हात धू.' 'मी निघण्याआधी फोन कर.' इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'बिफोर'. शाळेतलं व्याकरण सांगतं: पहिल्यात ॲडव्हर्ब, दुसऱ्यात प्रीपोझिशन, तिसऱ्यात कंजंक्शन, कारण तिसऱ्यात 'बिफोर'नंतर 'आय लीव्ह' असं कर्त्या-क्रियापदाचं पूर्ण उपवाक्य येतं. तीन जाती. आपलं मराठी व्याकरण काय म्हणेल? पहिल्या वाक्यातला 'आधी' क्रियाविशेषण अव्यय. दुसरा शब्दयोगी, 'जेवणा'ला जोडून आलेला. आणि तिसराही शब्दयोगीच, कारण 'निघणे' हे धातुसाधित नाम होऊन 'निघण्या' झालं आणि त्याला 'आधी' चिकटला. उभयान्वयी अव्यय इथं कुठंच नाही. म्हणजे मराठीत दोन जाती. मराठी मुलाला दुसरं आणि तिसरं वाक्य एकाच चालीचं वाटतं. त्याला 'कंजंक्शन' सुचत नाही, आणि क्लासमध्ये त्याला मठ्ठ म्हणतात.

तिसरा हिशेब आणखी वेगळा. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन १९२४ सालीच म्हणाले होते की, या तीन जाती करायचं कारण नाही. त्यांचा युक्तिवाद मराठीत असा मांडता येईल. 'मी ऐकलं', 'मी गाणं ऐकलं', 'तो आला असं मी ऐकलं'. पहिल्यात कर्म नाही, दुसऱ्यात नाम आहे, तिसऱ्यात अख्खं वाक्य आहे. म्हणून 'ऐकलं'ला आपण तीन जाती देतो का? क्रियापद ते क्रियापदच. मग 'बिफोर'पुढं काही आलं नाही, नाम आलं किंवा वाक्य आलं, एवढ्यानं त्याचीच जात का बदलायची? २००२ साली केंब्रिजहून निघालेलं हडलस्टन आणि पुलम यांचं जाडजूड इंग्रजी व्याकरण याच बाजूचं आहे. तिथं तिन्ही 'बिफोर' प्रीपोझिशन आहेत. सर्वनामाला तर त्यात स्वतंत्र खोलीही नाही, ते नामाच्याच घरात राहतं.

शाळेच्या हिशेबानं तीन, मराठीच्या दोन, केंब्रिजच्या एक. माझ्या रविवारच्या पोराचं यादीतलं उत्तर चुकीच्या कारणानं का होईना, इंग्रजीच्या आजच्या एका मोठ्या व्याकरणाशी जुळत होतं. अर्थात सव्वा गुण परत मिळवायला त्याचा उपयोग नाही, आणि हरकत घ्यायला जाऊ नको असंच मी त्याला सांगितलं. पण ज्यांना वाटतं की शब्दाची जात म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखी पक्की गोष्ट आहे, त्यांनी यावर थोडं थांबावं.

शाळेत शब्दांच्या जाती आठ शिकवतात. हा आठ आकडा तरी कुठून आला? इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियात, दिओनिसिओस थ्रॅक्स याच्या नावावरच्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ भाग आहेत. त्यात आर्टिकल होतं, विशेषण वेगळं नव्हतं, ते नामातच. रोमन लोकांनी तो साचा लॅटिनला लावला. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. मग आठ कसे भरणार? त्यांनी केवलप्रयोगी अव्यय, म्हणजे उद्गार, वेगळे काढून आकडा पुरा केला. पंक्तीत पान रिकामं राहू नये म्हणून शेजारच्याला बोलावतात तसं. इंग्रजी व्याकरणकारांनी लॅटिनचा कित्ता गिरवला. लिंडली मरे याच्या १७९५ च्या गाजलेल्या व्याकरणात आर्टिकल धरून नऊ झाले. पुढं शाळेच्या पुस्तकांनी आर्टिकलला विशेषणात ढकललं आणि पुन्हा आठ केले. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली व्याकरण लिहिलं तेव्हा समोर इंग्रजी वळणाचा साचा होता. म्हणजे सांगलीतलं पोर स्वतःच्या आणि साहेबाच्या, दोन्ही भाषा ग्रीकसाठी केलेल्या कपाटात लावत बसतं. आपल्याकडं जुन्या काळी संस्कृतसाठी यास्कानं चारच भाग केले होते, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात म्हणजे अव्ययं, आणि पाणिनीचं तर दोनांतच भागलं, सुबंत म्हणजे नामाचे प्रत्यय लागलेलं आणि तिङंत म्हणजे क्रियापदाचे प्रत्यय लागलेलं. मी संस्कृतचं कौतुक करायला हे सांगत नाही. कपाटाचे कप्पे माणसानं केलेले असतात, तेवढंच दाखवायचं आहे. आजही संगणकाला इंग्रजी शिकवताना पेन ट्रीबँक नावाच्या प्रसिद्ध संग्रहात ३६ कप्पे आहेत, आणि बऱ्याच भाषांना एकच मोजपट्टी लावायची म्हणून केलेल्या दुसऱ्या एका पद्धतीत १७. दोन्ही कामं चालतात.

मग कुणी म्हणेल, कप्पे इतके डळमळीत असतील तर परीक्षेत विचारूच नका. इथं मी परत पहिल्या गटाला सोडतो. कप्प्यांची नावं आणि संख्या डळमळीत आहे. शब्द काम बदलतो हे मात्र डळमळीत नाही. 'अ राउंड टेबल' आणि 'द फर्स्ट राउंड' यांतला फरक थ्रॅक्सला विचारा, फ्राइजना विचारा, जतच्या पोरीला विचारा, सगळे मान्य करतील. परीक्षेनं त्या फरकावर बोट ठेवावं, लेबलावर नाही.

आणि हे पर्यायांच्या प्रश्नातही करता येतं, त्यासाठी लांब उत्तरं तपासत बसायला नको. चार वाक्यं द्या आणि विचारा, कोणत्या वाक्यात 'फास्ट'चं काम बाकीच्या तीनपेक्षा वेगळं आहे? 'ही रन्स फास्ट.' 'डोन्ट टॉक सो फास्ट.' 'वुई टुक अ फास्ट बस.' 'शी टाइप्स फास्ट.' उत्तर तिसरं, आणि त्यावर कुठल्याही व्याकरणकाराची हरकत येणार नाही. पाठ केलेली यादी इथं उपयोगाची नाही, कारण शब्द चारही ठिकाणी तोच आहे. ज्याला नावं येत नाहीत पण काम दिसतं, त्यालाही गुण मिळेल. शाळेच्या परीक्षेत तर एक पाऊल पुढं जाता येतं. जात ओळखायला एक गुण आणि 'कशावरून?' याला एक. 'आधी अ आहे आणि पुढं बस आहे म्हणून', एवढं मराठीत लिहिलं तरी पूर्ण गुण. इंग्रजीच्या पेपरात मराठीत कारण लिहायला काय हरकत आहे, हे मला कुणी आजवर पटवून दिलेलं नाही.

साठ पोरांच्या वर्गात साठ कारणं तपासायची म्हणजे शिक्षकाचं काम वाढतं, हे मला माहीत आहे. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराची नोंद, यातून उरलेल्या वेळात कारणं वाचायला सांगणं सोपं नाही. मी स्वतः नोकरीत असताना शेवटच्या काही वर्षांत 'टिक करा' प्रकारचेच प्रश्न काढायचो, आणि त्याचा मला आजही थोडा संकोच आहे. पण सहामाहीत दहा गुणांपैकी दोन असे असले तरी वर्गात बोलणं बदलतं. मुलं 'उत्तर काय?' म्हणायची सोडून एकमेकांना 'कशावरून?' विचारायला लागतात. यातला काही वेळ वादात फुकट जातो, तो जाऊ द्यावा.

परवाच्या रविवारी 'शुगर फॅक्टरी'वरून अर्धा तास गेला. कारखाना आमच्या जिल्ह्यात सगळ्यांच्याच घरचा विषय, त्यामुळं आवाज चढले. 'शुगर' इथं विशेषण की नाम? निम्मे म्हणाले विशेषण, फॅक्टरी कशी तर शुगर. बाकीच्यांनी चौकट लावून बघितली. 'व्हेरी स्वीट टी' चालतं, 'व्हेरी शुगर फॅक्टरी' चालत नाही. 'द टी इज स्वीट' चालतं, 'द फॅक्टरी इज शुगर' चालत नाही. नाम जिंकलं. तेवढ्यात वहीवाला पोरगा, ज्याचा सव्वा गुण गेला होता तो, म्हणाला, "सर, 'साखर कारखाना'त साखर नामच ऱ्हाती, पन 'सोन्याची अंगठी' म्हनलं की 'सोन्याची'ला आमच्या मराठीच्या बाईंनी विशेषन सांगितलं हुतं, सामान्यरूप होऊनबी. ते कसं?"

मी घड्याळ बघितलं. षष्ठीचा 'चा' हा प्रत्यय नाम ठेवतो की विशेषण करतो, यावर मराठीच्या व्याकरणकारांतच एकमत नाही. 'सोन्याचा', 'सोन्याची', 'सोन्याचे', हा विशेषणासारखा पुढच्या नामाप्रमाणं बदलतो, आणि आतमध्ये 'सोन्या' सामान्यरूपात बसलेलं असतं. दोन्ही बाजूंना पुरावा. मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी तूच फळ्यापाशी ये, आणि दोन्ही बाजू मांड. तो म्हणाला, "पन सर, परीक्षेत काय लिहू?"